शहाचा चेक कसा झाला

बँकेत चेक भरायचा, दवाखान्यात बीपी चेक करून घ्यायचं, दिवाळीला चेक्सचा शर्ट शिवायचा, गावी जाताना चेकनाक्यावर थांबायचं. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो इंग्रजी असल्याचंही लक्षात येत नाही. पण पैशाचा कागद, तपासणी, कापडावरच्या चौकटी आणि रस्त्यावरची अडवणूक यांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. तरी हे चारही अर्थ एकाच पटावरून उठले आहेत, आणि तो पट बुद्धिबळाचा आहे.

पटावर आपला घोडा समोरच्याच्या राजावर नेम धरतो तेव्हा आपण म्हणतो, ‘शह!’ इंग्रज म्हणतो, ‘चेक!’ हे नुसते समानार्थी शब्द नाहीत. मुळात तो एकच शब्द आहे. एक भाऊ इराणातून थेट दख्खनच्या दरबारात आला आणि मराठी झाला. दुसरा अरबस्तान, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड असा वळसा घालून गोऱ्या साहेबाबरोबर आपल्या दारात आला. दोघं आज एकाच घरात नांदतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

दोघांचा बाप फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. या शब्दाचं वय थक्क करणारं आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 520 मध्ये इराणच्या दारियस राजानं बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम कोरून घेतला. तिथे राजाला ‘ख्शायथिय’ म्हटलं आहे. झिजत झिजत त्याचा ‘शाह’ झाला. ‘ख्शायथिय’ आणि आपला ‘क्षत्र’ यांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात नहपान राजाच्या नावामागे लागलेली ‘क्षत्रप’ ही पदवीसुद्धा याच गोतावळ्यातली.

भारतातलं चतुरंग सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात पोहोचलं आणि तिथे ‘चत्रंग’ झालं. राजावर हल्ला आला की इराणी खेळाडू समोरच्याला सावध करण्यासाठी ‘शाह’ म्हणू लागले. पुढे अरबांनी इराण जिंकलं, खेळ उचलला, त्याचं नाव ‘शतरंज’ केलं, पण ‘शाह’ तसाच ठेवला. ‘शाह मात’ ही आरोळीही तशीच राहिली. ‘राजा मेला’ असा तिचा अर्थ पुष्कळ जण अरबीच्या आधारानं सांगतात. मला फारसीतला ‘राजा हतबल झाला’ हाच अर्थ पटतो, कारण पटावर राजा कधी मारला जात नाही, त्याच्या वाटा बंद होतात. रशियन लोकांनी तर खेळालाच ‘शाखमाती’ म्हटलं: आपलं शह-मात, जसंच्या तसं.

अरबांबरोबर हा खेळ स्पेन आणि सिसिलीत उतरला. युरोपच्या लॅटिनमध्ये ‘शाह’चा ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत ‘चेक’. ‘एशेक’च्या अनेकवचनातून ‘चेस’ हे खेळाचं इंग्रजी नाव निघालं. इथवरचा प्रवास सरळ आहे. खरी गंमत पुढे, इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात आहे.

बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता रिचर्ड फिट्झनील. त्यानं 1170च्या दशकात गुरू-शिष्याच्या संवादरूपात सरकारी हिशेबाचं एक पुस्तक लिहिलं. त्यात त्या कचेरीतल्या मेजाचं वर्णन आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वरच्या वस्तू खाली पडू नयेत म्हणून चारी बाजूंना चार बोटं उंच काठ. त्यावर दर ईस्टरला नवं काळं कापड अंथरायचं, कापडावर रेघा आखलेल्या. रेघांमधल्या पट्ट्यांत पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार अशी घरं. त्या काळी तिथे रोमन आकडे चालत, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून घराघरांत सोंगट्या मांडायच्या, येणं किती आणि भरलं किती हे सरकवत दाखवायचं. जिल्ह्याचा शेरीफ वसुली घेऊन आला की एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला खजिनदार. अक्षरओळख नसलेल्यालाही आपल्याकडे किती निघतं ते डोळ्यांनी दिसे. चौकटींचं कापड, सोंगट्या आणि समोरासमोर बसलेले दोघं. लोकांनी या कचेरीला बुद्धिबळाच्या पटाचंच नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’, इंग्रजीत ‘एक्सचेकर’. या साम्याची फोड फिट्झनीलनं स्वतःच केली आहे. पटावर दोन राजांची लढाई होते, तशी या मेजावर खजिनदार आणि शेरीफ यांची, असं तो सांगतो. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो, तो या कापडामुळे.

पटाच्या चौकटींवरूनच कापडावरच्या चौकटींना ‘चेक्स’ म्हणू लागले. गोव्यातल्या कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकटींना आज दुकानदार हेच नाव देतो.

‘तपासणे’ हा अर्थ मात्र थेट शहातून आला. शह बसला की चाल अडते, म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणं. अडवणं म्हणजे आवर घालणं. आवर घालायचा तर चूक पकडायला हवी, म्हणून ताडून पाहणं. रस्त्यावरचा नाका आणि तिकीट चेकर या पायऱ्यांवरून आले. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात पैशाच्या कागदाचा जो अर्धा भाग मागे ठेवत, खोटा कागद पकडता यावा म्हणून, त्याला ‘चेक’ म्हणत. पुढे नाव अख्ख्या कागदालाच चिकटलं. ‘एक्सचेकर’च्या प्रभावानं ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग बदललं, अमेरिकन लोक जुनंच लिहितात. मराठीनं त्याला ‘धनादेश’ हा नेटका शब्द दिला, तरी ‘चेक वटला का?’ हेच आपण विचारतो.

इकडे थोरल्या भावानं मराठीत केवढा संसार मांडला आहे! पातशहा, आदिलशाही, निजामशाही हे तर उघड आहेत. वर्तमानपत्रातलं शह-काटशहाचं राजकारणही ओळखता येतं. पण हुकूमशाही, नोकरशाही आणि खुद्द लोकशाही या शब्दांतही तोच इराणी राजा बसला आहे. जाता जाता सावधगिरीचा शब्द: शाहीर या कुळातला नाही, तो अरबीतला कवी, आणि शहाणा आला संस्कृत ‘सज्ञान’मधून. उच्चार जुळला म्हणून नातं जोडायचं नसतं.

बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत राजावर हल्ला केल्यावर तोंडानं काही म्हणण्याचं बंधन आता नाही. स्पर्धेत खेळाडू मुकाट्यानं चाल करतात. तेव्हा ही हाक टिकली तर घरच्या पटावरच टिकेल. मुलांना खेळ शिकवताना ‘चेक’ जरूर सांगा, पण आधी ‘शह’ म्हणा.