व्हिएन्नाचे कॉफीगृह : बैठकीचा रिवाज आणि बैठकीचे भाडे

व्हिएन्नाच्या जुन्या कॉफीगृहात लॅपटॉप उघडून बसलेला मनुष्य आता नवलाचा राहिलेला नाही. संगमरवरी फळीच्या लहानशा टेबलावर त्याचे यंत्र असते; शेजारी रुपेरी तबकात कॉफीचा पेला आणि पाण्याचा पेला असतो; त्याचे कार्यालय पुष्कळदा दुसऱ्याच शहरात, क्वचित दुसऱ्याच देशात असते. एका पेल्याच्या मोबदल्यात त्याने शहराच्या अत्यंत महागड्या भागात तीन-चार तासांची जागा, ऊब, उजेड, वीज आणि वाय-फाय ही सर्व मिळविलेली असतात. पावतीवर मात्र कॉफीखेरीज काहीही लिहिलेले नसते. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत व्हिएन्नाच्या कॉफीगृह-संस्कृतीचा समावेश केला, तेव्हा नेमके हेच तिचे वैशिष्ट्य म्हणून नोंदविण्यात आले : येथे काळ आणि अवकाश यांचा उपभोग घेतला जातो, पण हिशेबात कॉफीच तेवढी येते. हे वर्णन सामान्यतः गौरवाने उद्धृत केले जाते. तथापि जे पावतीवर येत नाही त्यावर हक्कही सांगता येत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. आणि कॉफीगृहात बसून काम करणाऱ्यांचा इतिहास पाहू गेल्यास ह्या दुसऱ्या बाजूचाच प्रत्यय अधिक वेळा येतो.

व्हिएन्नाच्या वेढ्यानंतर, म्हणजे १६८३ नंतर, तुर्कांनी मागे टाकलेल्या कॉफीच्या पोत्यांतून पहिले कॉफीगृह निघाले, ही कथा मनोरंजक असली तरी ग्राह्य नाही. १६८५ मध्ये योहानेस दिओदातो ह्या आर्मेनियन व्यापाऱ्यास राजाकडून कॉफी विकण्याचा परवाना मिळाला, येथून आरंभ मानणे अधिक योग्य. पुढे ह्या व्यावसायिकांस ‘काफेझीडर’, म्हणजे कॉफी उकळणारा, असे नाव रूढ झाले. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. मालकाचा धंदा उकळण्याचा. जागा देणे हा त्याच्या नावाचा, म्हणून परवान्याचाही, भाग नाही. व्यवसायाचे नाव एक आणि विकला जाणारा माल दुसरा, ही विसंगती आरंभापासूनच येथे आहे.

लंडनमध्ये ही विसंगती फार काळ टिकली नाही. तेथील पहिले कॉफीगृह १६५२ मधले. एडवर्ड लॉइड याचे कॉफीगृह १६८८ च्या सुमारास टॉवर स्ट्रीटवर होते आणि १६९१ मध्ये ते लोम्बार्ड स्ट्रीटवर गेले; जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरविणारे तेथील टेबलांशी बसून आपले व्यवहार करीत. समभागांचे दलाल ‘जोनाथन्स’मध्ये बसत. पण काम जसजसे किफायतशीर झाले तसतशी ह्या मंडळींना पेल्याच्या आडोशाची गरज उरली नाही. विमेकऱ्यांनी वर्गणी काढून १७७४ मध्ये रॉयल एक्स्चेंजमध्ये स्वतःची जागा घेतली. दलालांनी १७७३ मध्ये स्वतंत्र इमारत गाठली. बैठकीचे भाडे अशा रीतीने उघड झाले आणि त्याबरोबर बैठकीचा हक्कही निश्चित झाला. लॉइड्सच्या संस्थेत गणवेशधारी सेवकांना ‘वेटर’ म्हणण्याची प्रथा मात्र टिकून राहिली. कॉफी गेली, शब्द राहिला. सराफाची ‘गादी’ हा मराठीतील शब्द याच वाटेने गेलेला दिसतो : बसण्याच्या वस्तूवरून बसण्याच्या जागेकडे, आणि तेथून धंद्याकडे.

व्हिएन्नात असे संक्रमण झाले नाही. तेथे कॉफीगृहात बसणारा वर्ग प्रामुख्याने लेखक, पत्रकार, विद्यार्थी, बुद्धिबळ खेळणारे आणि राजकीय निर्वासित यांचा होता. वर्गणी काढून इमारत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. १९१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या पुढे गेलेली होती आणि घरांची टंचाई भयंकर होती. खोली नव्हे तर केवळ पलंग, तोही दिवसाच्या ठराविक तासांपुरता, भाड्याने घेणाऱ्यास ‘बेटगेयर’ असा स्वतंत्र शब्द होता; पलंगाकडे जाणारा, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांची स्थिती याहून बरी होती त्यांच्याही खोल्या अंधाऱ्या असत आणि कोळसा महाग असे. वृत्तपत्रांवरील मुद्रांक-कर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिल्याने घरी अनेक पत्रे घेणे सामान्य माणसास परवडत नसे. कॉफीगृहात ती लाकडी दांड्यांत अडकवून ठेवलेली मिळत. काही ठिकाणी ज्ञानकोशाचे खंडही असत. श्टेफान त्स्वाइग यांनी आपल्या आठवणींत कॉफीगृहास स्वस्त पेल्याच्या किमतीत सर्वांना खुली असलेली एक प्रकारची लोकशाही मंडळी म्हटले आहे; तेथे बसता येई, लिहिता येई, पत्ते खेळता येत आणि आपली टपालही मागविता येई. आजच्या लॅपटॉपवाल्यास जे हवे असते, त्यांपैकी विजेच्या खटक्याखेरीज बहुतेक सर्व त्या वेळी तेथे होते.

ह्या व्यवहाराचे नियम कोठेही लिहिलेले नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. रिकामा पेला उचलून नेणे म्हणजे जाण्याची सूचना. पाण्याचा पेला पुन्हा भरून ठेवणे म्हणजे बसण्याची अनुज्ञा. ह्या अनुज्ञेचा अधिकारी ‘हेर ओबर’, म्हणजे मुख्य वेटर. नेहमीच्या गिऱ्हाइकास ‘श्टामगास्ट’ म्हणत. ‘श्टाम’ म्हणजे वृक्षाचा बुंधा, ‘गास्ट’ म्हणजे अतिथी. अतिथी असूनही रुजलेला, असा हा परस्परविरोधी समास आहे. पण समासातील मुख्य पद ‘अतिथी’ हेच आहे, हे विसरता कामा नये.

पेटर आल्टेनबेर्ग (१८५९–१९१९) हा ह्या रुजलेल्या अतिथींचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. हा लघुगद्यकार हॉटेलांच्या खोल्यांत राहत असे आणि क्युर्श्नर यांच्या लेखक-सूचीत त्याने आपला पत्ता हेरेनगासेवरील काफे सेंट्राल असा दिला होता. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. परंतु कायमचा पत्ता नसलेल्या लेखकाने टपाल मिळण्याची केलेली ती व्यवहार्य सोयही होती. सेंट्राल १८७६ मध्ये उघडलेले. त्यापूर्वी लेखकांची वस्ती काफे ग्रीनश्टाइड्ल येथे असे. १८९७ मध्ये ज्या इमारतीत ते होते ती पाडण्यात आली आणि श्निट्सलर, हॉफमन्स्टाल यांच्यासारख्या लेखकांच्या मंडळास आपले बस्तान हलवावे लागले. कार्ल क्राउस यांनी ‘पाडलेले साहित्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्या मंडळाची निर्दय थट्टा केली. थट्टेत तथ्य होते, आणि ते क्राउस यांना अभिप्रेत असलेल्या तथ्याहून काहीसे निराळे होते : इमारतीवर ज्यांचा कोणताही हक्क नाही त्यांची संस्था इमारतीबरोबर जाते. घराच्या भाडेकरूस व्हिएन्नात १९१७ पासून कायद्याचे संरक्षण मिळू लागले. टेबलाच्या भाडेकरूस ते मिळाले नाही. कारण तो भाडेकरू आहे हे कोणत्याही कागदावर नव्हते.

रिवाज जसा सामावून घेतो तसाच वगळतोही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्या ‘सर्वांना खुल्या’ जागेत स्त्री गिऱ्हाईक म्हणून बसत नसे. गल्ल्यावर मात्र स्त्री असे, आणि तिच्या पदाचे नाव ‘झिट्सकासिएरिन’, बसणारी रोखपाल, असे होते. ज्या घरात बसणे हाच खरा माल होता, तेथे तिचे बसणे तेवढे नोकरीचे होते. पण ह्या रिवाजाची खरी कसोटी १९३८ मध्ये लागली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होताच ज्यू मालकांची कॉफीगृहे बळकावण्यात आली आणि ज्यू गिऱ्हाइकांना दरवाजे बंद झाले. काफे सेंट्रालचे नित्याचे अतिथी, सांस्कृतिक इतिहासकार एगोन फ्रीडेल, यांनी १६ मार्च रोजी नाझी दारात आलेले पाहून आपल्या घराच्या खिडकीतून उडी टाकून प्राण दिला. सेंट्रालवर प्रसिद्ध निबंध लिहिणारे आल्फ्रेड पोलगार यांना देशोधडीस लागावे लागले. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे एकाच टेबलाशी काढली होती त्यांचे ‘रुजणे’ एका आठवड्यात उपटले गेले. अर्थात त्या राजवटीत लिखित हक्कही टिकले नाहीत, घरेही गेली. तरी घर गेल्याची फिर्याद युद्धानंतर निदान दाखल करता येत होती; टेबल गेल्याची फिर्याद कोणत्या कचेरीत करावयाची?

युद्धोत्तर काळात एस्प्रेसो-गृहांच्या स्पर्धेमुळे अनेक जुनी कॉफीगृहे बंद पडली. उभ्याउभ्या पिण्याच्या कॉफीत बैठकीचे भाडे मिसळावे लागत नाही, हे त्याचे साधे अर्थशास्त्र. लॅपटॉप आणि वाय-फाय यांनी बसून काम करणाऱ्यास पुन्हा आणले, आणि २०२० च्या महामारीनंतर त्याची संख्या वाढली. परंतु तो आता वृत्तपत्र दुसऱ्यास देत नाही, शेजाऱ्याशी बोलत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपात विजेचे दर चढल्यापासून खटकाही मालकाच्या हिशेबात येऊ लागला. युरोपातील अनेक शहरांत कॉफीगृहांनी गर्दीच्या वेळी लॅपटॉपला मनाई केली आहे. काहींनी तासांवर दर लावला आहे. दुसरा मार्ग लंडनच्या विमेकऱ्यांचाच होय, आणि तो अधिक प्रामाणिक आहे, जरी त्यात गरीब लेखकास जागा नसली तरी.

ऑस्ट्रियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दूरस्थ कामाच्या कायद्याने घराबाहेरच्या जागेवरील कामासही मान्यता दिली आहे, आणि कॉफीगृह त्यात येते. मात्र अपघात-विम्यासाठी कायदा भेद करतो : स्वतःचे घर, आप्ताचे घर किंवा भाड्याचे सामायिक कार्यालय येथे जाण्यायेण्याच्या मार्गावरही संरक्षण मिळते, कॉफीगृहात काम चालू असताना ते मिळते, वाटेवर सामान्यतः मिळत नाही. हा संबंध नोकर आणि मालक यांच्यातला आहे. टेबल आणि त्याशी बसलेला मनुष्य यांच्यातील संबंधाविषयी कायदा अद्याप मुग्ध आहे. तो पूर्वीप्रमाणेच पाण्याच्या पेल्यावर ठरतो.

काफे सेंट्राल युद्धाच्या अखेरीस बंद पडले आणि १९७५ मध्ये, त्याच वास्तूच्या निराळ्या भागात, पुन्हा उघडले. आज त्याच्या दारापुढे प्रवाशांची रांग असते, आणि आत जागा मिळाल्यावर फार वेळ बसण्याची तेथे रीत उरलेली नाही. प्रवेशद्वाराजवळच्या टेबलाशी आल्टेनबेर्गची पूर्णाकृती प्रतिमा बसविलेली आहे. तिच्यापुढे पेला रिकामा झाला किंवा नाही, हे पाहण्यास हेर ओबर येत नाही.