मानसगंगोत्रीपासून आपल्या उंबरठ्यापर्यंत



रेडिओ लावला की ‘आकाशवाणी’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. १९३५ साली म्हैसूर शहरात एका प्राध्यापकांनी आपल्या राहत्या घरी एक छोटंसं प्रक्षेपण केंद्र सुरू केलं. सरकारी मदतीची वाट न पाहता, पदरमोड करून आणि लोकांना बरोबर घेऊन. त्या केंद्राचं नाव होतं ‘आकाशवाणी’. पुढे आपल्या देशाच्या सरकारी रेडिओनंही तेच नाव घेतलं. हे प्राध्यापक म्हणजे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी. आणि गंमत अशी, की ते तारा-यंत्रांचा विषय शिकवत नव्हते. ते शिकवत होते मानसशास्त्र. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. १९२४ साली सुरू झालेल्या त्या विभागाला २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली. आज त्याच विभागाची वाटचाल आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

आता तुम्ही म्हणाल, म्हैसूरच्या कॉलेजातल्या विभागाशी आपला काय संबंध? संबंध आहे. “मुलगी मानसशास्त्र घेते म्हणते, ते शिकून काय होणार? वेड्यांच्या इस्पितळातच जायचं ना?” हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. ते या शंभर वर्षांत दडलेलं आहे.

सुरुवात करू या १९१६ सालापासून. बायकांच्या दृष्टीनं हे साल मोठं. त्याच वर्षी महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. त्याच वर्षी म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं. तेव्हा गादीवर नाल्वडी कृष्णराज वोडेयार होते आणि दिवाण होते सर विश्वेश्वरय्या. आणि त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात आपल्या देशातला मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग उघडला. तोवर मनाचा विचार तत्त्वज्ञानाच्या तासाला व्हायचा. कलकत्त्याला तो प्रयोगशाळेत आला. अमेरिकेत हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता तिथले प्रमुख झाले. पण त्या विषयाचा पहिला अभ्यासक्रम आधीच आखून ठेवला होता आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी.

हेच सील पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९२४ साली म्हैसूरला मानसशास्त्र विभाग उघडला. कलकत्त्याचं बी असं दक्षिणेत रुजलं.

गोपालस्वामी लंडनला शिकून आले होते. तिथे त्यांचे गुरू होते चार्ल्स स्पिअरमन, बुद्धी मोजता कशी येईल याचा आयुष्यभर विचार केलेले शास्त्रज्ञ. गोपालस्वामींनी म्हैसूरला प्रयोगशाळा उभारली. प्राण्यांचं वागणं अभ्यासण्याचीही सोय केली. पण त्यांच्यापुढचा खरा पेच वेगळा होता. बुद्धी मोजायच्या चाचण्या सगळ्या परदेशी, आणि मुलं मात्र कन्नड बोलणारी.

हा पेच नीट समजून घेऊ या. समजा, एखाद्या चाचणीत बर्फात खेळणाऱ्या मुलांचं चित्र दाखवून प्रश्न विचारला. ज्या लेकरानं बर्फ फक्त सरबतात पाहिला आहे, ते गोंधळणारच. मग त्याला गुण कमी पडले, तर मूल मंद म्हणायचं, की प्रश्नच चुकीचा म्हणायचा? म्हणून चाचणीचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या अनुभवातले घ्यावे लागतात. मग ते शेकडो मुलांना विचारून पाहावे लागतात. कोणत्या वयाच्या मुलाला कोणता प्रश्न साधारणपणे येतो, हे ठरवावं लागतं. तेव्हा कुठे ती चाचणी आपली होते. म्हैसूरला हे काम हाती घेतलं गेलं.

हीच धडपड आपल्याही भाषेसाठी झाली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिचाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली. ती ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून ओळखली जाते. शाळेत मागे पडणारं मूल घेऊन तपासणीला गेलेल्या कितीतरी आयांनी हे नाव ऐकलं असेल. आपल्या लेकराची पारख त्याच्याच बोलीत व्हावी, यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं खपलं होतं.

म्हैसूरचा विभाग वाढत गेला. १९५६ साली तिथून ‘सायकॉलॉजिकल स्टडीज’ हे संशोधनाचं नियतकालिक सुरू झालं. आज राष्ट्रीय पातळीवरची संस्था ते चालवते. सहा-सात दशकं टिकलेलं शास्त्रीय नियतकालिक ही कुठल्याही विभागाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट. विद्यापीठाच्या नव्या आवाराला कवी कुवेंपू यांनी नाव दिलं ‘मानसगंगोत्री’. मनाच्या गंगेचा उगम! कुवेंपू तेव्हा कुलगुरू होते, आणि उच्च शिक्षण लोकभाषेतून मिळावं असा त्यांचा आग्रह होता.

उगमाशी गंगा अरुंद असते. पुढे तिला नद्या मिळतात आणि ती रुंद होते. मानसशास्त्राचंही तसंच झालं. १९५४ साली त्याच म्हैसूर राज्यात, बंगळूरला, अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे मानसशास्त्र शिकलेल्यांसाठी पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे पुस्तकातलं मन शिकलेला विद्यार्थी आता खऱ्या दुखणाइताच्या समोर बसू लागला. ही संस्था आणि तिथलं जुनं मनोरुग्णालय १९७४ साली एक झालं. तीच आजची ‘निम्हान्स’.

निम्हान्सनं १९८० च्या दशकात बेळ्ळारी जिल्ह्यात एक मोठा प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आरोग्य कार्यकर्त्यांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं. रुग्णानं शहराकडे धाव घेण्याऐवजी उपचारच गावाकडे आणले. या अनुभवावरच १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

आता एक बोचणारी गोष्ट. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले बी. कुप्पुस्वामी यांनी १९७० च्या दशकात शहरी कुटुंबांची आर्थिक-सामाजिक स्थिती मोजायची एक पट्टी तयार केली. तिच्यातले उत्पन्नाचे आकडे महागाईप्रमाणे बदलत ती आजही आरोग्याच्या पाहण्यांमध्ये वापरली जाते. संशोधकांच्या फार उपयोगी पडलेलं हे काम आहे, यात शंका नाही. पण ती पट्टी विचारते काय? कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय आणि कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न.

मैत्रिणींनो, यात आपण कुठे आहोत? प्रमुख म्हणून नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं नाव लागलेल्या घरात सून पदवीधर असली, तरी तिच्या शिक्षणाला तिथे रकाना नाही. पहाटे उठून पाणी भरणं, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, या कामाला तर उत्पन्नाच्या आकड्यात जागाच नाही. यात त्या प्राध्यापकांनी कुणाला मुद्दाम वगळलं असं आम्ही म्हणत नाही. घराचा दर्जा घरच्या पुरुषावरून ठरवायचा, ही त्या काळची रीतच होती. पण परदेशी चाचणी आपल्या मुलांना बसत नव्हती, तशीच पुरुषाच्या मापानं केलेली पट्टी बाईला बसत नाही. पहिली चूक म्हैसूर-धारवाडच्या अभ्यासकांना दिसली, कारण ते त्या मुलांची भाषा जाणत होते. दुसरी चूक कुणाला दिसणार? जिनं ते घर चालवलंय, तिला. किंवा तिच्या मुलीला.

म्हणून “मानसशास्त्र शिकून काय होणार” या प्रश्नाला आमचं उत्तर असं आहे : प्रश्न विचारणाऱ्यांत आपली मुलगी बसेल. शाळेत समुपदेशक होईल, इस्पितळात काम करील, कामगारांच्या कल्याणाचं पाहील, संशोधन करील. पदवीला हा विषय घेऊन पुढे एम. ए. किंवा एम. एस्सी. करता येतं. मात्र रुग्णांवर उपचार करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं, तर त्यासाठी वेगळं शिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आपण कुणाकडे उपचाराला जातो तेव्हा ही नोंदणी विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि एक फरक ध्यानात ठेवा. गोळ्या-औषधं लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात. पुष्कळदा दोघांचीही गरज लागते.

गरज किती आहे, तेही सांगतो. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. त्यात शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता. आणि आजारागणिक पाहिलं, तर शंभरातल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. विभाग वाढले, अभ्यासक्रम वाढले, पदव्या वाढल्या. तरी एवढी माणसं अजून उंबरठ्याच्या आतच कुढत आहेत. काही ठिकाणी डॉक्टर नाही म्हणून, आणि पुष्कळ ठिकाणी “लोक काय म्हणतील” म्हणून.

पहिली उणीव भरून काढायचा एक मार्ग १० ऑक्टोबर २०२२ पासून खुला झाला आहे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा. क्रमांक आहे १४४१६. फोन कधीही करा, रात्री-अपरात्रीही, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल, बाळंतपणानंतर सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, घरातलं कुणी गप्प गप्प झालं असेल, तर हा क्रमांक लावा. आत्ताच भिंतीवर, कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. एक-चार-चार-एक-सहा.

दुसरी उणीव मात्र कुठलंही विद्यापीठ भरून काढू शकत नाही. ती आपल्याच हातात आहे. शेजारीण म्हणाली, “मन थाऱ्यावर नाही गं,” तर तिला हसू नका, “देवाचं नाव घे, होईल बरं” एवढ्यावर बोळवूही नका. बसा तिच्याजवळ. फोन लावून द्या. गरज पडली तर एस. टी. नं तिच्याबरोबर जिल्ह्याच्या रुग्णालयात जा.

कुलूपबंद प्रयोगशाळेतलं शास्त्र घराघरांत ऐकू जावं, असं आपल्याला वाटतं. गोपालस्वामींनी तर आपल्या घराचंच केंद्र केलं होतं. तुमच्या घरी या विषयावर काय बोलणं झालं, ते आम्हांला जरूर कळवा. पुढच्या भेटीत बाळंतिणीच्या मनाविषयी बोलू या. तोवर सांभाळून राहा, एकमेकींना सांभाळा. नमस्कार.