कवटीचे ठिगळ

हरपलेल्या कवटीच्या जागी काय बसवायचे, हा प्रश्न जुना आहे. 1668 साली योब व्हान मेकेरेन या डच शल्यविशारदाने एका रशियन सरदाराच्या डोक्यात कुत्र्याचे हाड बसवल्याची हकिगत नोंदवली. चर्चला ते रुचले नाही. 1821 मध्ये जर्मनीत वाल्टर यांनी रोग्याचेच काढलेले हाड परत बसवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टँटॅलमचे पत्रे आणि कवळीचे ॲक्रिलिक आले, पुढे टायटॅनियम. 2018 मध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलात चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे 60 टक्के भाग मापाबरहुकूम घडवलेल्या पॉलिएथिलिनने भरून काढला.

आमच्या भोसरीच्या एमआयडीसीत मायक्रॉनच्या मापाने सुटे भाग बनतात, त्यामुळे या कारागिरीचे मला अप्रूप वाटते. पण एकाच डोक्यासाठी घडवलेला भाग महाग पडतो. दुचाकीवरून पडलेल्या कामगाराच्या सुजलेल्या मेंदूला जागा देण्यासाठी काढलेले हाड म्हणूनच आजही अनेकदा त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात आणि सूज उतरल्यावर परत बसवतात. कधीकधी ते झिजते, पण त्याचे मोल द्यावे लागत नाही. वाल्टर यांची वाट दोनशे वर्षांनंतरही बंद झालेली नाही, ती यामुळेच.