शक्तिमानचा क्लच आणि इंचभर मोकळी चाल

आज शक्तिमान ट्रकच्या क्लचबद्दल बोलू. जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक १९५९ पासून जबलपूरला बनू लागला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. माझ्या पिढीतला फौजी याच्या फाळक्याला धरून चढला नसेल, असं होणं कठीण.

ऐंशीच्या दशकात आमचा कॉन्व्हॉय सोनमर्गहून झोजिलाकडे निघाला. खिंडीची उंची साडेअकरा हजार फूट, रस्ता कच्चा, वाहतूक एकेरी. चढावर एका गाडीचं इंजिन नुसतं ओरडू लागलं, गाडी मात्र पुढे सरकेना. मग तो जळका वास! मी तरुण लेफ्टनंट. ड्रायव्हरवर खेकसलो, क्लचवर पाय ठेवून चालवतोस म्हणून. तो गप्प. मेकॅनिक हवालदारानं पेडल हातानं दाबून पाहिलं. "साब, फ्री प्ले ही नहीं है."

गंमत अशी, की प्लेट झिजते तशी ही मोकळी चाल वाढत नाही, कमी होते. ती संपली की रिलीज बेअरिंग सतत टेकून राहतं, प्रेशर प्लेट पूर्ण आवळत नाही आणि क्लच घसरतो. चाल जास्त ठेवली तर उलटंच, क्लच नीट सुटत नाही, गिअर खरखरतात. चाकांमागं दगड लावून हवालदार खाली शिरला, नट फिरवून इंचभर चाल दिली, प्लेट थंड होऊ दिली. मागं सगळा कॉन्व्हॉय खोळंबलेला.

निघण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर सही माझीच होती. द्रासला पोहोचल्यावर ड्रायव्हरची माफी मागितली. "कोई बात नहीं साब," म्हणाला आणि चहा आणायला गेला.