थंडीचा अंदाज कोणासाठी?

आजचा विषय आहे थंडीच्या अंदाजाचा इतिहास. जुन्नर तालुक्यातलं, आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना लागणारं राजुरी गाव डोळ्यांपुढे ठेवून मी बोलणार आहे. द्राक्षं, टोमॅटो, कांदा, ऊस असं बागायती शिवार. इथला शेतकरी डिसेंबर-जानेवारीत रात्री झोपण्यापूर्वी मोबाईलवर एक आकडा बघतो, उद्या पहाटेचं किमान तापमान. हा आकडा त्याच्या हातात आला कसा, आणि तो नेमका कशाचा आकडा आहे, एवढंच आज बघू.

आधी एक खुलासा. राजुरीत बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पांढरा थर दिसला की वर्तमानपत्रं ‘हिमवर्षाव’ असं छापतात, पण ते आकाशातून पडलेलं हिम नसतं. ते जागेवर गोठलेलं दव असतं. थंडी मात्र खरी. जानेवारी 1935 मध्ये पुण्यात पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. डिसेंबर 2018 मध्ये निफाडला 1.8 अंशांची नोंद झाली. खरा बर्फ पडतो तो हिमालयात, पण आपल्या गारठ्याशी त्याचा संबंध आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की उत्तरेचे कोरडे, थंड वारे खाली उतरतात. अशा वेळी तिकडच्या बर्फाची बातमी ही आपल्याकडच्या थंडीची आगाऊ सूचना ठरते.

आता इतिहासाकडे येऊ. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेचा विचार आहे. मार्गशीर्षापासून आकाशाची लक्षणं बघायची. तेव्हा राहिलेला गर्भ 195 दिवसांनी पाऊस होऊन प्रसवतो, अशी ती कल्पना. त्या लक्षणांत मार्गशीर्षात थंडी अति नसावी, पौषात हिम अति पडू नये, असंही सांगितलेलं आहे. म्हणजे हिवाळ्याचं निरीक्षण अगदी बारकाईनं आहे, पण प्रश्न पावसाचा आहे. थंडी इथे खूण आहे.

यानंतर सरळ एकोणिसाव्या शतकात येतो. 1875 मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. पाठोपाठ 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ आला, पुणे जिल्हाही त्यात होरपळला. सरकारला पाऊस आधी कळायला हवा होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 मध्ये मांडलं, की हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कमकुवत होण्याकडे कल असतो. वराहमिहीर आणि ब्लॅनफर्ड यांच्या पद्धती एक आहेत असं मी म्हणत नाही. एकाकडे लक्षणांची परंपरा आहे, दुसऱ्याकडे तारखांसह आकडे आहेत. पण दोघांनीही हिम बघितलं ते पावसासाठी. असं का? कारण शेती पावसावर उभी होती. उलट गहू-हरभऱ्याला थंडी मानवते. थंडी पडली म्हणजे रब्बी साधली, असंच शेतकरी म्हणे. ज्याची भीती नाही त्याचा अंदाज कोण मागणार?

थंडीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला तो विसाव्या शतकात. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. त्याच वर्षी शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला, आणि त्यातून 1932 मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचं काम सुरू झालं. ते उभं केलं एल. ए. रामदास यांनी.

रामदासांनी आत्मनाथन यांच्यासह 1932 मध्ये एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते. तेव्हा सगळ्यात थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग असणार, असं पाठ्यपुस्तक सांगे. रामदासांना मोजमापात दिसलं की उघड्या जमिनीवर सगळ्यात थंड हवेचा थर जमिनीपासून थोडा वर, वीतभर ते हातभर उंचीवर असतो. अनेकांना हे पटलं नाही, मोजण्यात चूक असेल असं वाटलं. पण तो थर पुन्हा पुन्हा सापडत राहिला. 1990 च्या दशकात रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची गणिती उपपत्ती मांडली. आज तो ‘रामदास थर’ म्हणूनच ओळखला जातो.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. आपण ‘गावाचं तापमान’ म्हणतो, तेव्हा नेमकं कशाचं तापमान म्हणतो? वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, साधारण चार फुटांवर असतो. तो खोटं बोलत नाही. पण रोपाची थंडी वेगळी, ओढ्याकाठच्या खोलगट वावराची वेगळी आणि माळावरची वेगळी. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगटात साचते. आकडा एक आणि थंड्या अनेक, असा हा प्रकार आहे.

हा भेद एरवी पंडितांच्या चर्चेत राहिला असता. तो शेतकऱ्याच्या खिशाशी आला द्राक्षामुळे. ऑक्टोबर छाटणीनंतर ऐन थंडीत मणी फुगत असतात. पारा फार उतरला की फुगवण थांबते, काही जातींत मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल बाद होतो. त्याच शिवारात शेजारच्या हरभऱ्याला ती थंडी हवीच असते. मग द्राक्षवाला काय करतो? पहाटे बागेत शेकोट्या करतो, धूर धरून ठेवतो, पाणी देतो, कारण ओली जमीन उष्णता जास्त साठवते.

1945 पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आली, पुढे जिल्हावार कृषी सल्ला आला, आता मोबाईल आहे. सल्ला बरोबर असतो: ‘रात्री हलकं पाणी द्या, पहाटे शेकोटी करा.’ पण जुन्नरमध्ये पहाटे तीनला बागेत जायचं म्हणजे काय, हे राजुरीकरांना विचारा. उसात बिबट्या असतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर पाण्यासाठीही अंधारातच जावं लागतं. अंदाज अचूक असूनही तो पाळण्याची किंमत ज्याच्या त्याच्या जिवावर असते.

आणि आणखी एक. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर. केंद्र माळावर आणि बाग खोलगटात असेल, तर बाग गारठते आणि कागद कोरडा राहतो. रामदासांचा हातभर उंचीचा प्रश्न इथे रुपयांत उभा राहतो.

म्हणून मला एवढंच सांगायचं आहे. कशाचा अंदाज घ्यायचा हे आकाश ठरवत नाही, आपण काय पणाला लावलंय त्यावरून ते ठरतं. ज्याचं पणाला लागलंय, त्याच्या जागेचं मोजमाप त्या अंदाजात हवं. बागेतल्या सगळ्यात खोल जागी एक साधा तापमापक लावा, रोज पहाटेचा आकडा वहीत लिहा, शेजारी वेधशाळेचा आकडा लिहा. दोन-तीन हिवाळ्यांत दोहोंतला फरक कळेल, आणि मग मोबाईलवरच्या आकड्यातून आपल्या बागेची थंडी वाचता येईल. विम्याच्या कचेरीत ही वही आज चालणार नाही. पण केंद्राची जागा चुकली आहे हे मांडायचं असेल, तर गावाच्या हातात दुसरा पुरावा कोणता आहे?