वऱ्हाडी काष्ठकर्माची शब्दसंपदा आणि कारागिरीच्या देवघेवीचा इतिहास : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

ग्रामीण कारागिरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकासमोर पहिली अडचण साधनांची उभी राहते. सुताराने राजाज्ञा कोरविल्या नाहीत, बखरी लिहविल्या नाहीत, आणि त्याने घडविलेली वस्तू पाषाणाप्रमाणे शतकानुशतके टिकून राहिली नाही. बाभळीचे जू वापरून झिजले की चुलीत गेले. सरकारी दप्तरांत सुताराचा उल्लेख येतो तो बहुधा बलुत्याचा हक्कदार म्हणून किंवा जनगणनेतील आकडा म्हणून. त्याचे ज्ञान काय होते, ते कोणापर्यंत पोहोचत होते आणि कोठे अडत होते, याविषयी दप्तर मुके आहे. अशा स्थितीत एक साधन मात्र शिल्लक राहते, आणि ते म्हणजे शब्द. वस्तू नष्ट झाली तरी तिच्या अवयवांची नावे बोलीत काही काळ रेंगाळतात. आणि ती नावे कोणाच्या तोंडी आहेत व कोणाच्या नाहीत, यावरून त्या ज्ञानाची देवघेव कोठवर झाली होती याचा अंदाज बांधता येतो. प्रस्तुत निबंधात बुलढाणा जिल्ह्यातील काष्ठकर्माकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

ही पद्धती नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी रुडोल्फ मेरिंगर, हुगो शुखार्ट आदी भाषापंडितांनी शब्दांचा इतिहास वस्तूंच्या इतिहासापासून तोडून लिहिता येत नाही, असे प्रतिपादन केले आणि १९०९ मध्ये 'शब्द आणि वस्तू' याच अर्थाच्या नावाचे जर्मन नियतकालिक सुरू झाले. त्याहीपूर्वी, १८८५ साली, जॉर्ज ग्रिअर्सन याने बिहारमधील शेतकऱ्याच्या जीवनावरील आपल्या ग्रंथात नांगर, गाडी, घाणा यांच्या प्रत्येक अवयवाची नावे स्थलपरत्वे नोंदविली होती. परंतु त्याच ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वऱ्हाडी बोलीचा नमुना म्हणून तीत उधळ्या पुत्राच्या बोधकथेचे रूपांतर आले. बोलीचे व्याकरण दाखविण्यास ती कथा पुरेशी आहे. परंतु त्या कथेत वखर नाही, तिफण नाही, वासला नाही. बोलीचे सर्वेक्षण झाले आणि बोलणाऱ्यांच्या हातातील वस्तू तेवढ्या बाहेर राहिल्या.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार हा घाटावरचा मुलूख आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील घाटाखालचा मुलूख. जुन्या वऱ्हाडचे बालाघाट आणि पायनघाट असे जे विभाग केले जात, त्यांचीच ही सीमा जिल्ह्याच्या मधून जाते. घाटावरची बोली मराठवाड्याच्या बोलीशी नाते सांगते, तर मलकापूरकडील बोलीत खानदेशी वळणे येतात. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचे रान आहे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा आहेत. म्हणून सुताराला साग, धावडा, तिवस ही रानातील लाकडे आणि बाभूळ, हिवर, निंब ही शिवारातील लाकडे, अशी दोन्ही उपलब्ध होती. कोणत्या अवयवास कोणते लाकूड, हे ठरलेले असे: घाव आणि ओढ सोसणाऱ्या भागास बाभूळ, लवचिक पण चिवट दांडीस तिवस किंवा धावडा, चौकटीस आणि तुळईस साग. ही निवड म्हणजे ग्रंथाविना चाललेले पदार्थशास्त्रच होय.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात गावकीतील कारूंचे जे विवेचन आहे, त्यात सुताराचे स्थान अग्रभागी आहे. कारण उघड आहे. शेतीची बहुतेक सर्व हत्यारे लाकडाची होती आणि मृगापूर्वी ती दुरुस्त होऊन मिळाली नाहीत तर पेरणी हुकत असे. लाकूड शेतकऱ्याचे, श्रम सुताराचे, आणि मोबदला सुगीनंतर खळ्यावर धान्याच्या रूपाने, अशी ही व्यवस्था होती. तिचा एक परिणाम अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेतून सहसा निसटतो. शेतकरी वस्तू दुकानातून तयार घेत नसे. तो लाकूड घेऊन सुताराच्या अंगणात येऊन बसत असे. इतरत्र ज्यास सुतारमेट म्हणतात त्या जागी नांगराचा कोन किती ठेवावा, जू किती लांब असावे, गेल्या साली तिफणीचा कोणता दाता खोल गेला, याची चर्चा घडविणारा व वापरणारा यांच्यात प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून होत असे. शेजारच्याचे काम होईपर्यंत थांबलेले चारजणही तीत भाग घेत. एकाच्या वखरात केलेली सुधारणा अशा रीतीने गावभर पसरे. तेथे कोणी कोणास मुद्दाम शिकवीत नसे, परंतु शिकणे मात्र चाललेले असे.

या चर्चेची साक्ष शब्दसंपदेत सापडते. काष्ठकर्माशी निगडित शब्दांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग वस्तूंच्या अवयवांचा. वखराचे खोड, जानोळे, पास, रुमणे. तिफणीचे चाडे आणि नळे. बंडीच्या चाकाचा तुंबा, आरे, आस आणि धाव. नांगराचा हळस: हे शब्द सुतार, लोहार, शेतकरी, सालदार, इतकेच नव्हे तर शेतात राबणाऱ्या स्त्रियांनाही ठाऊक असत. दुसरा वर्ग सुताराच्या हत्यारांचा आणि सांध्यांचा. वाकस किंवा वासला, किकरे, पटाशी, रंधा, कुसू आणि त्यासाठी पाडावयाचे भोक. आखणीच्या, तासणीच्या व मापाच्या परी. या वर्गातील थोडे ठळक शब्द सर्वांस परिचित असले, तरी त्यातील बारकावे सुतारांच्या घरापुरतेच राहत. अर्थात वस्तू कशी असावी हे ज्ञान सामाईक होते आणि ती कशी घडवावी हे ज्ञान जातीच्या कुंपणात होते. खंडेनवमीस हत्यारांची पूजा होई तेव्हा गावाला ती दिसत. हाताळावयास मात्र मिळत नसत. गावगाड्याच्या सामुदायिकतेचे गुणगान करणाऱ्यांनी ही मर्यादा दृष्टीआड करणे योग्य होणार नाही. देवघेव होती, परंतु ती समानांमधील नव्हती. सुतार हा गावाचा जाणता होता आणि त्याच वेळी गावाच्या धान्यावर अवलंबून असलेला आश्रितही होता.

शब्दांची व्युत्पत्ती पाहू गेल्यास दुसरे एक तथ्य हाती येते. 'सुतार' हा शब्दच सूत्रधारापासून आला आहे. सूत धरून रेषा आखणारा तो सुतार. नांगर हा लांगलापासून, हळस हा हलीषेपासून, जू हे युगापासून, आस हा अक्षापासून आणि आरा हा अरापासून आलेला आहे. वासल्याचे मूळ संस्कृत वाशी, पाली वासि यांत असून हिंदीतील बसूला त्याचा सहोदर होय. करवत करपत्रापासून आली. घराचे अवयव पाहिले तर खांब, तुळई, कवाड, चौकट हेही संस्कृत-प्राकृत परंपरेतील शब्द आहेत. चौकट म्हणजे चतुष्काष्ठ, चार लाकडांची जुळणी. म्हणजे शेत, गाडी आणि धाब्याचे घर या तिन्हींची मूळ शब्दसंपदा वारसाहक्काने आलेली आहे.

याच्यावर दुसरा थर फारशी-अरबीचा आहे. रंधा, मेख, तख्ता, दरवाजा, मेज हे फारशी शब्द. खुर्ची अरबीतून आली. आणि लाकूड फिरवून गोल घडविणाऱ्याचे 'खराद' हे कर्मही त्याच मार्गाने आले. तिसरा थर पोर्तुगीज: बिजागरी आणि अलमारी. चौथा थर इंग्रजी: स्क्रू, पॉलिश, प्लायवूड. हे थर एकाखाली एक ठेवून वाचले असता लक्षात येते की परके शब्द नांगर-वखराच्या वाट्याला फारसे आले नाहीत. ते आले गुळगुळीत पृष्ठभाग, बैठकीचे सामान, कड्या-कोयंडे यांच्या वाट्याला. वासल्याने तासून काम भागत होते तोवर देशी शब्द पुरले. लाकडाला झिलई देण्याची आवश्यकता कचेरी, वाडा आणि पेठ यांनी निर्माण केली, आणि झिलईचे हत्यार आपले नाव घेऊनच आले. शेताकडून घराकडे आणि घराकडून बाजाराकडे असा सुताराच्या कामाचा जो प्रवास झाला, त्याचा आलेखच या चार थरांत उमटलेला आहे.

या प्रवासास गती मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेला आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू होऊन खामगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. हातरेच्याची जागा वाफेच्या जिनाने घेतली. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर महाराष्ट्रभर जो नांगर पसरत गेला तो अंगणात चर्चा करून घडविलेला नव्हता, तर कारखान्यात एका मापाने ओतलेला होता. त्याच्या अवयवांस नट, बोल्ट अशी नावे मिळाली. वापरणारा आता वस्तूच्या घडणीत सहभागी राहिला नाही. तो गिऱ्हाईक झाला. शेतकऱ्याला लोखंडी नांगराने खोल नांगरट दिली हे खरे. पण वस्तूविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार त्याच वेळी संकोचला, हेही तितकेच खरे.

मात्र याच काळात दुसऱ्या बाजूने जातीचे कुंपण मोडू लागले होते. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस याने आणि स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन याने लाकूडकामास सर्वसामान्य शिक्षणाचे अंग मानले होते. धंदा शिकविणे हा त्यांचा हेतू नसून हात आणि बुद्धी यांचा मेळ घालणे हा होता. त्याच जातीचा, परंतु स्वतंत्र प्रेरणेचा विचार वऱ्हाडच्या शेजारीच, वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आखलेल्या मूलोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामासही स्थान होते, आणि त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजनाही याच सुमारास पुढे आली. खुद्द बुलढाणा जिल्ह्यात खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभे राहिले होते. नागपूरहून निघणाऱ्या 'उद्यम' मासिकाने तर घरगुती उद्योग आणि हातांनी करावयाच्या वस्तूंची माहिती कोणत्याही जातीच्या वाचकाच्या घरी नेऊन पोहोचविली. सुतार नसलेला मनुष्य रंधा हाती घेतो, केवळ आवड म्हणून एखादी वस्तू करतो आणि ती समानशील मित्रांस दाखवितो, ही कल्पना जुन्या गावगाड्याच्या चौकटीत बसणारी नव्हती. तिला नाव देण्यासाठी 'हौशी' या शब्दास नवा अर्थ घ्यावा लागला.

तथापि हौशी कारागिरीस लोकजीवनात आधारच नव्हता, असे मानणे चुकीचे ठरेल. विदर्भात, विशेषतः नागपूर-वर्ध्याकडे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. १८०६ साली दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला, अशी परंपरा सांगितली जाते. मुले लाकडी बैल सजवून मिरवितात, कोणाचा बैल अधिक देखणा याची तुलना होते, बक्षिसेही दिली जातात. येथे लाकडाची वस्तू उपयोगाच्या बंधनातून सुटते. ती दाखविण्यासाठी, पाहण्यासाठी आणि तिच्याविषयी बोलण्यासाठी असते. सुताराच्या अंगणातील चर्चा गरजेतून निर्माण होई, तान्ह्या पोळ्यातील कौतुक आनंदातून निर्माण होते. परंतु दोहोंत वस्तू चारजणांच्या मध्ये ठेवली जाते, हे साम्य महत्त्वाचे आहे.

या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष असा की कारागिरीचे ज्ञान टिकते ते केवळ कारागिराच्या हातात नव्हे, तर वस्तूभोवती जमणाऱ्या लोकांच्या बोलण्यात टिकते. ते बोलणे थांबले की प्रथम शब्दांतील भेद नाहीसे होतात, मग ते शब्द, आणि शेवटी ती घडण करण्याची शक्यताच नाहीशी होते. ज्याला जानोळे हा शब्द ठाऊक नाही, तो मोडलेला वखर पाहून 'काहीतरी तुटले' एवढेच म्हणू शकतो. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात वऱ्हाडी शब्दांस प्रांतचिन्ह देऊन स्थान दिले, हे मोठे कार्य झाले. परंतु कोशात शब्द एकटा येतो. तो कोणत्या अवयवाचा, तो अवयव कशात बसतो, त्यास कोणते लाकूड लागते, आणि तो शब्द कोणाच्या तोंडी आहे, ही माहिती कोशाच्या मर्यादेत मावत नाही.

ट्रॅक्टरच्या आगमनानंतर बैलांची संख्या घटत गेली आणि बंडीची चाके रबरी झाली. घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांत जुने वखर, तिफणी आणि त्यांची नावे सांगणारी वृद्ध माणसे जोवर आहेत, तोवर गावोगाव जाऊन वस्तूचे रेखाचित्र, तिचे माप, लाकडाची जात आणि प्रत्येक अवयवाचे स्थानिक उच्चारातील नाव एकत्र नोंदविणे शक्य आहे. अशी नोंद करताना सुताराबरोबरच शेतकऱ्यासही तेच प्रश्न विचारले पाहिजेत. कारण दोघांच्या उत्तरांतील अंतर हेच ज्ञानाच्या देवघेवीचे माप होय. भाषाविज्ञान आणि इतिहास या दोन शाखांतील विद्यार्थ्यांनी हे काम एकत्र हाती घेतल्यास, ज्या कारागिराने स्वतःविषयी एकही ओळ लिहून ठेवली नाही, त्याच्या इतिहासाचे काही पान तरी त्याच्याच शब्दांत लिहिता येईल.