ट्रॅक्टर-ट्रॉलीची जुळणी

ट्रॅक्टरचे वजन, चाकांची पकड आणि ब्रेक पाहून त्याला पेलेल अशी ट्रॉली व तिच्यातील भार ठरवणे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत धान, तणस, बांबू आणि विटा यांच्या जवळच्या वाहतुकीत हा हिशेब रोजचा आहे. पूर्वी जंगलातील ओंडके बैलगाड्यांवरून येत आणि ओढण्यासाठी हत्तीही वापरत.

ओढ : ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण २ टन वजनाचा असतो. त्यामागे ५ टनांची भरलेली ट्रॉली जोडली, की दहास एक चढावर नुसत्या चढापोटी सुमारे ७०० किलोग्रॅम ओढ लागते. रस्त्याचा रोध धरला तरी ताशी ५ किमी वेगाला साधारण २० अश्वशक्ती पुरते. म्हणजे इंजिन सहसा कमी पडत नाही. धानाच्या ओल्या बांधीत किंवा वरोरा-राजुऱ्याकडील काळ्या मातीत आधी जागीच फिरतात ती मागची चाके.

भरणी : दुचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावाटे मागच्या चाकांवर येतो व पकड वाढते. तो फार झाला तर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. उलट, लांब बांबू मागे जास्त निघाले की ट्रॉली बैलगाडीसारखी उलाळ होते, हूक वर उचलला जातो आणि पकड सुटते. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतःच पेलते. मात्र ती मागे घेणे कठीण जाते.

उतार : ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसल्यास ७ टनांचा वेग २ टनांच्या ट्रॅक्टरनेच आवरावा लागतो. ट्रॉली मागून रेटते, ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकतात, न्यूट्रल करत नाहीत; रस्त्यावर डावे-उजवे ब्रेक पेडल एकत्र अडकवलेले ठेवतात. वजन किती ओढता येते यापेक्षा किती थांबवता येते, यावर ट्रॉली निवडावी.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार कृषी ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. नोंदणीत दिलेल्या भारित वजनापेक्षा जास्त भार नेण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार मनाई आहे.